खरकट्या पाण्यावरचा तवंग

१७५७ साली बेंजामिन फ्रँकलिन अमेरिकेहून इंग्लंडला निघाले होते. सोबत ९६ जहाजांचा ताफा होता, कॅनडातलं लुईबर्गचं फ्रेंच ठाणं जिंकायला निघालेला. वाऱ्यानं समुद्रावर सुरकुत्या पडल्या होत्या. सगळ्या जहाजांच्या मागे पाणी विस्कटलेलं दिसत होतं, फक्त दोघांच्या मागे ते इस्त्री फिरवल्यासारखं गुळगुळीत होतं. फ्रँकलिननी कप्तानाला कारण विचारलं. आचाऱ्यांनी भांड्यांचं ओशट पाणी बाहेर ओतलं असेल, दुसरं काय, असं तो म्हणाला. आणि एवढंही ठाऊक नसलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यानं त्यांच्याकडे बघितलं.

फ्रँकलिनना हे उत्तर आधी पटलं नाही, पण दुसरंही सुचेना. मग आठवलं, की खलाशी तेल ओतून लाटा शांत करतात असं रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवलंय. संधी मिळताच करून बघायचं त्यांनी ठरवलं.

ती मिळाली लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर. वारा सुटला होता. फ्रँकलिननी तेलाची कुपी आणली आणि थोडं तेल पाण्यात टाकलं. पहिल्यांदा जागा चुकली. लाटा मोठ्या दिसत होत्या त्या काठावर ते उभे होते आणि वारा तेल परत त्यांच्याच पायाशी आणत होता. मग ते वाऱ्याच्या बाजूला गेले. चमचाभर तेल पसरत पसरत पलीकडच्या काठाला पोचलं आणि सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखं झालं. त्यानंतर ते फिरायला जाताना बांबूच्या काठीच्या पोकळ पेरात तेल भरून नेऊ लागले. हा सगळा वृत्तान्त १७७४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

आता आपण एक भागाकार करू. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे, म्हणजे साधारण दोन हजार चौरस मीटर. चमचाभर तेल म्हणजे दोन मिलिलिटर धरू. तेलाला या क्षेत्रफळानं भागलं, की तवंगाची जाडी येते एक नॅनोमीटर, मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तेलाचा रेणू साधारण याच मापाचा असतो. रेणू मोजायची मोजपट्टी फ्रँकलिनच्या हाती आली होती. पण त्यांनी भागाकार केला नाही. आपण काय मोजतोय हे कळायला रेणू म्हणजे काय हे ठाऊक असावं लागतं, आणि त्या काळी ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

हा भागाकार पुरा व्हायला दीडशे वर्षं लागली. तो पुरा झाला तेव्हा त्यातून जे हाती आलं त्याचा लाटांशी काही संबंध उरला नव्हता. सगळ्या सजीवांच्या पेशींना वेढून असलेल्या पातळ पडद्याची घडण त्यातून उलगडली होती.

साबणातून निघालेले मोती

तेल म्हणजे काय, हा प्रश्न आधी सुटायला हवा होता. तो सोडवायला बसले पॅरिसचे मिशेल युजेन शेव्रल. १८११ साली डुकराच्या चरबीपासून केलेला साबण त्यांच्याकडे तपासायला आला, तेव्हा ते पंचविशीत होते. चरबी आणि राखेचा क्षार एकत्र उकळला की साबण होतो, हे साबणवाल्यांना शतकानुशतकं माहीत होतं. चरबी जशीच्या तशी क्षाराला चिकटते, अशी समजूत होती. शेव्रलनी साबणात आम्ल घालून क्षार काढून घेतला. उरलेला पदार्थ मूळची चरबी नव्हती. ते एक वेगळंच आम्ल होतं आणि त्याला मोत्याची चकाकी होती. ग्रीक भाषेत मोत्याला असलेल्या शब्दावरून त्यांनी त्याचं नाव ठेवलं. तोच शब्द पुढे 'मार्गारिन' होऊन लोण्याच्या स्वस्त पर्यायावर जाऊन बसला.

पुढची बारा वर्षं त्यांनी चरब्याच उकलल्या. बोकडाची, गायीची, माणसाची, लोण्यातली. प्रत्येकीतून आम्लं निघत आणि त्यांच्यासोबत एक गोड, चिकट द्रव. हा द्रव स्वीडनच्या शील नावाच्या औषधविक्रेत्याला आधीच सापडला होता. शेव्रलनी त्याला ग्लिसरीन हे नाव दिलं. पित्ताशयातल्या खड्यांमधल्या मेदाळ पदार्थाला नाव दिलं तेही त्यांनीच. आज रक्ताच्या तपासणीच्या कागदावर आपण धास्तीनं वाचतो ते कोलेस्टेरॉल म्हणजे त्याच नावाचं थोडं बदललेलं रूप. १८२३ साली त्यांचा ग्रंथ आला आणि चरबीचं रसायनशास्त्र उभं राहिलं. दोनच वर्षांनी त्यांनी रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅकच्या साथीनं, चरबीतून निघणाऱ्या स्टिअरिक आम्लाच्या मेणबत्तीचं पेटंट घेतलं. धुरकट, वास मारणाऱ्या चरबीच्या मेणबत्त्यांपेक्षा ती स्वच्छ जळे. शेव्रल तब्बल १०२ वर्षं जगले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधी जन्मलेला हा माणूस आयफेल टॉवर उभा राहिला त्याच वसंतात, १८८९ साली वारला.

त्यांच्या कामातून, आणि १८५४ च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ बर्तेलोनी आम्लं आणि ग्लिसरीन जोडून उलट चरबी बनवून दाखवली त्यातून, एक सोपा आराखडा मिळाला. ग्लिसरीन ही आडवी काठी आणि तिला लटकलेल्या तीन लांब शेपट्या म्हणजे मेदाम्लं. जगातली बहुतेक तेलं-तुपं या एकाच साच्यातली. फरक शेपट्यांचा. खोबरेलाच्या शेपट्या बहुतेक सरळ, म्हणून त्या काड्यांच्या पेटीतल्या काड्यांसारख्या जवळजवळ बसतात आणि थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते. शेंगदाणा तेलाच्या बऱ्याच शेपट्या मध्येच वाकलेल्या, त्या तशा रचून बसत नाहीत आणि तेल वाहतं राहतं. ही वाकडी शेपटी लक्षात ठेवायची, पुढे ती लागणार आहे.

दुसरी महत्त्वाची वस्तू अंड्यात सापडली. पॅरिसचेच औषधनिर्माते थिओडोर गोब्ले १८४० च्या दशकात अंड्याचा पिवळा बलक तपासत होते. त्यात त्यांना एक असा मेद सापडला ज्यात फॉस्फरस होता. बलकाला असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याला लेसिथिन म्हटलं. त्याची रचना पुढे कळली: काठी तीच, पण शेपट्या तीनऐवजी दोन, तिसऱ्या जागी फॉस्फरस असलेलं एक डोकं. शेपट्यांना पाणी नको, डोक्याला पाणी हवं. एकाच रेणूत दोन विरुद्ध ओढी. लंडनमध्ये थुडिकमनी मेंदू उकलायला घेतला तेव्हा तिथेही असे फॉस्फरसवाले मेद सापडले. त्यातल्या एका घटकाचं कोडं सुटेना म्हणून त्यांनी त्याला कोडी घालणाऱ्या स्फिंक्सचं नाव देऊन टाकलं, आणि ते आजही चालू आहे.

तर पदार्थ हाती आले होते. ते सजीवांत नेमकं काय करतात हे मात्र कळत नव्हतं. चरबी म्हणजे साठवण, हे उघड होतं. उंटाचं मदार, बीमधलं तेल, माणसाचं पोट. ग्रॅमला नऊ किलोकॅलरी, पिठा-साखरेच्या दुपटीहून जास्त. पण अंड्याच्या बलकात आणि मेंदूत दोन ओढींचा हा मेद कशासाठी?

ब्राउनश्वाइगचं स्वयंपाकघर

उत्तराची वाट पुन्हा खरकट्या पाण्यातूनच गेली.

आग्नेस पोकेल्स १८६२ साली व्हेनिसमध्ये जन्मली. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. हिवतापानं त्यांची तब्येत ढासळली आणि १८७१ साली कुटुंब जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला आलं. आग्नेस तिथल्या मुलींच्या शाळेत शिकली. तिला भौतिकशास्त्राची ओढ होती, पण विद्यापीठं मुलींना घेत नव्हती. पुढे दारं उघडू लागली तेव्हा आईवडिलांच्या सांगण्यावरून तिनं ती वाट सोडली. घरात दुखणाईत माणसं होती आणि घर तिच्यावर होतं. धाकटा भाऊ फ्रीड्रिश गटिंगेनला भौतिकशास्त्र शिकत होता. पुस्तकं आणि नियतकालिकं तिला त्याच्याकडून मिळत.

लाखो बायकांना जे रोज डोळ्यांसमोर दिसतं आणि नकोसं वाटतं, त्या भांड्यांच्या ओशट पाण्यानं तिला विचार करायला लावलं, अशी आठवण पुढे घरच्यांनी सांगितली. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या कातड्यासारखा असतो, आणि जरासा ओशटपणा आला की तो ताण उतरतो. हा ताण मोजायचा कसा? विशीच्या आसपास तिनं त्यासाठी उपकरण तयार केलं. पत्र्याची एक लांबट, उथळ द्रोणी, काठोकाठ पाण्यानं भरलेली. वर आडवी टेकवलेली पत्र्याची पट्टी, जी काठांवरून सरकवता येते. पट्टी सरकवली की पृष्ठभाग लहान किंवा मोठा होतो, आणि त्यावर पसरलेला मेद दाटतो किंवा विरळ होतो. पाण्याला टेकलेली एक छोटी चकती तराजूनं वर ओढायची. ती सुटायला किती वजन लागलं तो पृष्ठताण.

या साधनात एक बारीक युक्ती होती. पाण्याचा पृष्ठभाग स्वच्छ असणं फार कठीण. बोटाचा स्पर्श, हवेतली धूळ, काहीही त्याला ओशट करतं. आग्नेसनं तीच पट्टी पृष्ठभागावरून फिरवून घाण एका टोकाला ढकलली. ओटा पुसावा तसं पाणी पुसलं. प्रयोगशाळांतल्या पुष्कळांच्या आकड्यांत गोंधळ होता तो इथेच.

तिला दिसलं ते असं. मेद विरळ असताना पट्टी कितीही सरकवली तरी ताण स्वच्छ पाण्याइतकाच राहतो. क्षेत्रफळ एका ठरावीक मापाच्या खाली गेलं, की तो एकदम घसरू लागतो. जणू आतापर्यंत मोकळी असलेली माणसं आता खांद्याला खांदा भिडवून उभी राहिली.

ती हे काम दहाएक वर्षं एकटीच करत राहिली. मग तिच्या वाचनात आलं, की इंग्लंडचे नामांकित शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले याच विषयावर काम करतायत. १८९० मध्ये रॅलेंनी आंघोळीच्या मोठ्या टबात ऑलिव्ह तेल टाकून तवंगाची जाडी सुमारे १.६ नॅनोमीटर काढली होती. फ्रँकलिनचा राहून गेलेला भागाकार एका अर्थी त्यांनी पुरा केला. १० जानेवारी १८९१ रोजी आग्नेसनं त्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. त्रास देत असल्याबद्दल क्षमा मागितली, काही कारणांनी आपल्याला शास्त्रीय नियतकालिकांत लिहिता येत नाही असं सांगितलं, आणि आपलं दहा वर्षांचं काम पुढे ठेवलं.

रॅलेंच्या जागी दुसरा कुणी असता तर पत्र खणात गेलं असतं, किंवा त्यातल्या युक्त्या गुपचूप त्याच्या वहीत उतरल्या असत्या. रॅलेंच्या पत्नीनं पत्राचं इंग्रजी केलं, रॅलेंनी ते 'नेचर'च्या संपादकांकडे धाडलं आणि घरगुती साधनांनी या बाईंनी मोलाचं काम केलंय असं स्वतःच्या चिठ्ठीत लिहिलं. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते छापून आलं. आग्नेस तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. पुढे काही वर्षं ती लिहीत राहिली. मग आईवडिलांच्या शुश्रूषेतून वेळ मिळणं कमी होत गेलं. १९३२ साली, तिच्या सत्तरीत, ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठानं तिला मानद डॉक्टरेट दिली. १९३५ मध्ये ती वारली.

उभे राहिलेले रेणू

तिच्या द्रोणीला आज जगभर एका अमेरिकन माणसाच्या नावानं ओळखतात. अर्विंग लँगम्यूर न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत काम करत. त्यांनी द्रोणी सुधारली, तवंग बाजूंना किती दाब देतो हे थेट मोजायची सोय केली, आणि १९१७ साली एक साधं, लखलखीत निरीक्षण मांडलं. सोळा कार्बनची शेपटी असलेलं आम्ल घ्या, अठराची घ्या, नाहीतर सव्वीसची. दाटून बसल्यावर प्रत्येक रेणूला पाण्यावर लागणारी जागा जवळपास तेवढीच, एका चौरस नॅनोमीटरचा पाचवा भाग. शेपटी लांबली तरी जागा वाढत नाही, तवंगाची जाडी मात्र वाढते. म्हणजे रेणू आडवे पडलेले नाहीत. डोकं पाण्यात खुपसून, शेपटी हवेत ठेवून ते शेतातल्या पिकासारखे उभे आहेत. तीन शेपट्यांच्या चरबीला जागाही जवळपास तिप्पट लागत होती. शेव्रल आणि बर्तेलोचा आराखडा पाण्यावर पुन्हा एकदा मोजला गेला.

लँगम्यूरना १९३२ साली पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी नोबेल मिळालं. ब्राउनश्वाइगच्या मानद डॉक्टरेटचंही वर्ष तेच.

पेशीला कुंपण कशाचं?

याआधीच, आग्नेसच्या काळात, वनस्पतींच्या अभ्यासात एक वेगळीच गोष्ट चालली होती. चार्ल्स अर्नेस्ट ओव्हर्टन हे मूळचे इंग्लंडचे, पण झ्युरिकमध्ये शिकलेले. १८९० च्या दशकात ते मुळांवरच्या बारीक केसांच्या पेशी निरनिराळ्या द्रावणांत बुडवत होते. साखरेच्या दाट पाण्यात पेशी आक्रसते, लोणच्याच्या मिठात फोड आक्रसते तशी. पाणी बाहेर येतं पण साखर आत शिरत नाही. अल्कोहोलच्या द्रावणात ती आक्रसेना, कारण अल्कोहोल सहज आत जात होतं. ओव्हर्टननी शेकडो पदार्थ असे तपासले. पाण्यात विरघळणारे पदार्थ पाण्यानं भरलेल्या पेशीत सहज शिरतील, असं कुणालाही वाटेल. निघालं उलटं: जे तेलात जितकं चांगलं विरघळतं ते तितक्या झटकन आत जातं.

१८९९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की पेशीच्या सीमेवर मेदासारखा पदार्थ मुरलेला असला पाहिजे, बहुधा कोलेस्टेरॉल आणि लेसिथिन. शेव्रलच्या खड्यातला आणि गोब्लेच्या अंड्यातला पदार्थ प्रत्येक पेशीच्या वेशीवर येऊन उभा राहिला. बेडकाच्या पिल्लांना ईथर-क्लोरोफॉर्मनं गुंगी येते तीही त्या औषधाच्या तेलात विरघळण्याच्या प्रमाणात, हे ओव्हर्टनना दिसलं. मारबुर्गचे हान्स होर्स्ट मायरही त्याच वेळी याच निष्कर्षाला पोचले होते.

वेस मेदाची आहे इतकं ठरलं. ती किती जाड आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. सूक्ष्मदर्शकातून ती दिसतच नव्हती. प्रकाशाच्या लहरीच तिच्याहून शंभरपट लांब.

ते मोजलं हॉलंडमधल्या लायडनच्या एका बालरोगतज्ज्ञानं. एव्हर्ट गोर्टर आणि त्यांचे सहकारी ग्रेंडेल यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी निवडल्या, कारण सस्तन प्राण्यांच्या या पेशींत केंद्रक वगैरे काही नसतं. जो काही मेद असेल तो बाहेरच्या वेष्टनातला. माणूस, कुत्रा, मेंढी, शेळी, ससा, गिनीपिग यांचं रक्त घेतलं. पेशी मोजल्या, एकेकीचं क्षेत्रफळ काढलं. मग ॲसिटोननं सगळा मेद काढून द्रोणीतल्या पाण्यावर पसरला आणि पट्टीनं दाबून एका रेणूच्या जाडीचा केला. तवंगानं व्यापलेली जागा पेशींच्या एकूण क्षेत्रफळाच्या जवळपास दुप्पट भरली. प्रत्येक प्राण्यात साधारण तसंच.

दुप्पट म्हणजे दोन थर. १९२५ साली त्यांनी लिहिलं, की पेशीभोवती मेदाचे दोन थर आहेत: बाहेरच्या थराची डोकी बाहेरच्या पाण्याकडे, आतल्याची आतल्या पाण्याकडे आणि शेपट्या मधोमध एकमेकींकडे. सँडविचसारखा शब्द पुढे आला, पण आपल्याला पुरणपोळी जवळची: वर-खाली पारी, आत पुरण. त्याच वर्षी अमेरिकेत ह्यूगो फ्रिकेनी विजेच्या मोजणीतून तांबड्या पेशीच्या पटलाची जाडी ३.३ नॅनोमीटर काढली. दोन अनोळखी वाटा एकाच उंबऱ्याशी आल्या.

या प्रयोगाला एक गमतीची शेपटी आहे. चाळीस वर्षांनी, १९६६ मध्ये तो पुन्हा तपासला गेला तेव्हा दोन चुका सापडल्या. ॲसिटोननं सगळा मेद निघाला नव्हता, बराच मागे राहिला होता. आणि पेशींचं क्षेत्रफळ वाळलेल्या पेशींवरून काढल्यामुळे सुमारे तिसऱ्या हिश्श्यानं कमी धरलं गेलं होतं. मेदही कमी, क्षेत्रफळही कमी. एक चूक दुसरीनं खाल्ली आणि उत्तर बरोबर आलं. वाण्याच्या तराजूत दोन्ही पारड्यांखाली चिंच चिकटलेली असावी, तसं. दैव होतंच, पण निव्वळ दैवावर हे भागलं नसतं. प्रश्न नेमका विचारला होता आणि नेमक्या पेशी निवडल्या होत्या.

भिंत वाहू लागते

दोन थरांची कल्पना लगेच रुजली नाही. शिवाय ओव्हर्टनच्या वेळेपासूनचा पेच होताच. वेस जर तेलाची असेल, तर साखर, मीठ, पाणी आत येतं कसं? ते तर तेलात विरघळत नाही. १९३५ मध्ये लंडनच्या डॅनिएली आणि डेव्हसन यांनी मेदाच्या दोन्ही बाजूंना प्रथिनांचा मुलामा चढवला. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून शेवटी वेस दिसली: दोन काळ्या रेघा आणि मध्ये फिकट पट्टा, एकूण जाडी साधारण साडेसात नॅनोमीटर. रॉबर्टसननी जिथे पाहिलं तिथे हेच त्रिपदरी चित्र आलं. ते मुलाम्याच्या कल्पनेशी जुळत होतं, त्यामुळे पेच तसाच राहून मुलामा पक्का झाला.

तेवढ्यात केंब्रिजजवळच्या बाब्राहममध्ये ॲलेक बँगहॅमनी अंड्याचं लेसिथिन नुसतं पाण्यात सोडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. कांद्यासारखे पापुद्र्यावर पापुद्रे असलेले गोळे आपोआप झाले होते, आणि प्रत्येक पापुद्रा पेशीच्या वेशीसारखाच दिसत होता. प्रथिन नाही, पेशी नाही, जीव नाही. मेद आणि पाणी. १९६० च्या दशकाच्या मध्यावर हे प्रसिद्ध झालं आणि या गोळ्यांना लायपोसोम म्हणू लागले.

दोन ओढींच्या मेदाचं काम आता समजू लागलं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांच्यात तेलाची शेपटी आली की त्यांना तिच्याभोवती हात आखडून उभं राहावं लागतं, आणि ते शेपट्यांना एकीकडे सारतात. शेपट्या आत, डोकी बाहेर, आणि कडा उघडी राहिली तर तिथे पुन्हा पाण्याचा जाच, म्हणून पडदा स्वतःला मिटवून पिशवी करतो. गवंडी कुणी नाही. वेस पाणी बांधतं.

मग १९७० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी जोडून एक केली. दोघांची प्रथिनं वेगवेगळ्या चमकत्या रंगांनी ओळखता येत होती. सुरुवातीला पेशीचा अर्धा भाग एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. ३७ अंशांत चाळीस मिनिटांच्या आसपास रंग सगळीकडे मिसळून गेले. गार ठेवलेल्या पेशींत मात्र ते जागचे हलेनात. प्रथिनं मुलाम्यासारखी चिकटलेली नव्हती. ती मेदात तरंगत होती, आणि मेद वाहत होता. १९७२ साली सिंगर आणि निकोलसन यांनी ही वाहती नक्षी मांडली: मेदाच्या पातळ समुद्रात प्रथिनं तरंगतात, काही आरपार घुसलेली. आरपार असलेली प्रथिनं म्हणजेच दारं. साखर-मिठाचा पेच तिथे सुटला.

आणि इथे ती वाकडी शेपटी कामाला येते. वेस थिजली की दारं अडकतात, फार पातळ झाली की गळते. म्हणून थंड पाण्यातले मासे आपल्या वेशीत वाकड्या शेपट्या वाढवतात. बर्फात चालणाऱ्या रेनडिअरच्या खुराजवळचा मेद अंगातल्या मेदापेक्षा थंडीतही मऊ राहतो. आपल्या पेशींत कोलेस्टेरॉल शेपट्यांच्या मध्ये शिरून उन्हाळ्यात वेशीला सैलावू देत नाही, गारठ्यात थिजू देत नाही. ज्याला आपण शत्रू समजून मोजत बसतो, ते प्रत्येक पेशीच्या दारावरचं राखणदार आहे.

२०२० सालचं हातधुणं

कोविड आला तेव्हा वीस सेकंद साबणानं हात धुवा, असं सगळं जग एकमेकांना सांगत होतं. त्या विषाणूभोवतीही दुपदरी मेदाचं वेष्टन आहे. जिथे तो वाढतो त्या पेशीकडूनच तो ते घेऊन निघतो. साबणाचे रेणूही दोन ओढींचे. त्यांच्या शेपट्या वेष्टनात घुसतात आणि ते फाडून टाकतात. शेव्रलच्या टेबलावर १८११ मध्ये आलेला तुकडा मोरीवर दिवसातून दहा वेळा हातात येत होता.

त्याच वर्षाच्या शेवटी फायझर आणि मॉडर्नाच्या लशी आल्या. त्यांतला आरएनएचा नाजूक धागा उघडा टोचला असता तर शरीरात क्षणात तुटला असता, म्हणून तो मेदाच्या कणांत गुंडाळला होता. चार प्रकारच्या मेदांपैकी एक कोलेस्टेरॉल, शेव्रलनी नाव दिलेलं. दुसरं, स्टिअरिक आम्लाच्या दोन शेपट्या असलेलं लेसिथिन: शेपट्या शेव्रलच्या मेणबत्तीतल्या, डोकं गोब्लेच्या अंड्यातलं. हे कण घडवायला साचा नसतो. अल्कोहोलात विरघळवलेले मेद आणि आरएनए असलेलं पाणी एकमेकांत सोडतात. पाणी शेपट्यांना ढकलतं, आणि कण होतात.

ब्राउनश्वाइगच्या स्वयंपाकघरात भांडी घासून झाल्यावर पाण्यावर जे होत होतं, ते हेच. आग्नेसनं ते पाणी ओतून देण्याआधी त्यावर पट्टी ठेवली, एवढंच.